परसातील नवी खोली आणि भिंतीतील ओल



पोळा झाला, गणपतींचे विसर्जन झाले आणि बांध्यांमधील धान लोंबीवर येऊ लागले, की आपल्या गोंदिया जिल्ह्यातील अनेक घरांत एक प्रश्न हळू आवाजात विचारला जाऊ लागतो : भिंत अजून ओलीच कशी? जुन्या मातीच्या घराविषयी हा प्रश्न असेल, तर त्यात नवल वाटत नाही. अलीकडे मात्र तो नव्याकोऱ्या, सिमेंटच्या, हौसेने रंगविलेल्या खोलीविषयी विचारला जातो. त्यातही ज्या खोल्या घरातील ज्येष्ठांसाठी म्हणून परसात बांधल्या गेल्या, त्यांच्याविषयी तो अधिक ऐकू येतो.

अशी स्वतंत्र खोली बांधण्यामागील विचार अतिशय चांगला आहे. आजीला जिना चढावा लागू नये, आजोबांना रात्री संडासासाठी अंधारातून दूर जावे लागू नये, खिडकीतून पेरूचे झाड दिसावे, घरातील गोंगाटापासून थोडी शांतता मिळावी. सांदवाडी म्हणा, वाडी म्हणा किंवा परस म्हणा, घरामागील त्या मोकळ्या जागेत दहा-बारा फुटांची खोली उभी राहते, ती बहुधा प्रेमापोटीच. म्हणूनच तिच्या भिंतीत ओल शिरली, तर त्याविषयी बोलणे अवघड होऊन बसते. आज आपण त्याविषयी मोकळेपणाने बोलू.

मोठेबाबांची खोली

अर्जुनी मोरगाव तालुक्यातील आमच्या गावी, तलावाच्या पाळीपासून फार लांब नसलेल्या जागेत, माझ्या चुलतभावाने आपल्या वडिलांसाठी, म्हणजे आमच्या मोठेबाबांसाठी, परसात एक खोली बांधली. काम चैत्रात सुरू झाले आणि मे महिना सरता सरता रंगही लागला. त्या जागी पूर्वी बैलांचा गोठा होता. बैल गेले, ट्रॅक्टर आला आणि रिकामी झालेली जागा खोलीसाठी सोयीची वाटली. मोठेबाबांचे गुडघे दुखतात, म्हणून जोते मुद्दाम बुटके ठेवले. अंगणातून एक पाऊल टाकले की खोलीत. आषाढी एकादशीला ते तेथे राहावयास गेले.

श्रावणात पश्चिमेकडील भिंतीवर, जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत, रंगाचा पोत बदलला. पोळ्यापर्यंत तेथे पांढरी भुकटी फुटली, पोपडे निघू लागले आणि खाटेमागील कोपऱ्यात काळे ठिपके दिसू लागले. मोठेबाबांना पहाटे खोकला येऊ लागला. घरच्यांनी वयाकडे बोट दाखविले, नंतर हवापालटाकडे, नंतर पूर्वीच्या विडीच्या सवयीकडे. औषधाने चार दिवस बरे वाटे, पुन्हा तेच. अखेर तालुक्याच्या ठिकाणी ज्या डॉक्टरांनी त्यांना तपासले, त्यांनी छातीला नळी लावण्यापूर्वी एक साधा प्रश्न विचारला : ‘‘झोपता कुठे? तिथली भिंत कशी आहे?’’

मोठेबाबा काही क्षण गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘पोरानं एवढ्या हौसेनं बांधली. त्याला ओल आहे म्हणून कसं सांगू?’’

भिंतीवरील ओल सगळ्यांनी पाहिली होती. पण खाट भिंतीला लागून आहे, पांघरूण सकाळी दमट लागते, उशीला कुबट वास येतो, हे फक्त मोठेबाबांना ठाऊक होते आणि तेच बोलत नव्हते. आजच्या लेखाचे सांगणे एवढेच आहे, की नव्या खोलीतील ओल ही गवंड्याकडे न्यावयाची तक्रार आहे, त्याआधी ती आरोग्याची तक्रार आहे. आणि ती वेळेवर कळावयाची असेल, तर तेथे झोपणाऱ्या माणसाला बोलते केले पाहिजे.

पाणी येते कोठून?

ओल घालविण्याचा पहिला नियम असा, की पाणी कोणत्या वाटेने येते ते कळेपर्यंत भिंतीवर काहीही फासू नये. वाटा चार आहेत.

पहिली वाट खालून. वीट वरून घट्ट दिसली, तरी तिच्यात सूक्ष्म छिद्रांचे जाळे असते. दिव्याची वात जसे तेल वर ओढते, तशी वीट जमिनीतील पाणी वर ओढते. भारतीय मानकानुसार सर्वसाधारण चांगली वीट २४ तास पाण्यात बुडवून ठेवली, तर तिने स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांहून अधिक पाणी शोषू नये. याचा अर्थ असा, की ३ किलो वजनाची चांगली म्हणविणारी वीटदेखील अर्ध्या लिटरहून अधिक पाणी पोटात धरू शकते. आपला जिल्हा धानाचा आणि तलावांचा. पावसाळ्यात बांध्या भरलेल्या, बोड्या तुडुंब, विहिरीचे पाणी हाताशी आलेले. काळ्या, चिकण कन्हार जमिनीत तर पाणी दीर्घकाळ अडून राहते. पाया आणि भिंत यांच्यामध्ये पाणी अडविणारा थर नसेल, तर भिंत पाणी पिणारच. या थराला आपले गवंडी ‘डीपीसी’ म्हणतात. जोत्याच्या माथ्यावर साधारण दीड इंच जाडीचे, पाणीरोधक मिसळलेले काँक्रीट आणि त्यावर डांबराचा लेप, असे त्याचे साधे स्वरूप असते. मोठ्या घरात तो आठवणीने घातला जातो. परसातील लहान खोलीत ‘एवढ्याशा कामाला कशाला’ म्हणून वगळला जातो.

दुसरी वाट बाजूने. छपराच्या पागोळ्या भिंतीच्या पायथ्याशी पडत असतील, तर उडणारे पाणी विटांत शिरते. खोलीला शोभा यावी म्हणून भिंतीला लागूनच माती चढवून झेंडू, गवती चहा किंवा वालाचा वेल लावला, तर जोते बुजते आणि डीपीसी असली तरी निरुपयोगी ठरते. कारण ओल्या मातीला तिच्यावरून थेट भिंतीत जाण्याचा रस्ता मिळतो.

तिसरी वाट वरून. स्लॅबवर साचलेले पाणी, कठड्याच्या सांध्यातील भेग, पत्र्याच्या खिळ्याचे भोक. ही ओल वरून खाली उतरते आणि तिचा डाग पावसाबरोबर वाढतो.

चौथी वाट आतून, आणि नव्या खोलीत ती हमखास असते. काँक्रीट, जुडाई, गिलावा आणि त्यानंतरची पाणी मारण्याची मुदत, या सगळ्यांत ओतलेले पाणी भिंतीत आणि फरशीखाली साठलेले असते. काँक्रीट कोरड्या हवेतदेखील इंचभर जाडीला साधारण महिनाभर या हिशेबाने वाळते. मेअखेर पुरी झालेली खोली मृगाच्या पावसाला सामोरी जाते, तेव्हा ती वरून रंगलेली आणि आतून ओली असते. त्यात खिडक्या डासांच्या भीतीने बंद, दोरीवर ओले कपडे आणि कोपऱ्यात पाण्याचा माठ. मग बाहेर पडू पाहणारी वाफ थंड भिंतीवरच थबकते.

मोठेबाबांच्या खोलीत या चारांपैकी तीन वाटा उघड्या होत्या. शिवाय एक गोष्ट अशी होती, जी आम्हांपैकी कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. जेथे वर्षानुवर्षे गुरे बांधली जातात, तेथील मातीत गोमूत्र आणि शेण मुरून नायट्रेटचे क्षार साठतात. जुन्या काळी अशाच मातीतून सोरा काढीत असत. हे क्षार पाण्याबरोबर भिंतीत चढतात, पाणी उडून गेल्यावर पांढऱ्या भुकटीच्या रूपाने बाहेर फुटतात. त्यालाच आपण ‘लोणा लागला’ असे म्हणतो. त्यांतील काही क्षार हवेतील दमटपणाही ओढून घेतात. त्यामुळे पाऊस थांबला, माती सुकली, तरी ढगाळ दिवशी भिंत पुन्हा घाम आल्यासारखी ओलसर होते. रिकाम्या गोठ्याच्या जागी खोली बांधावयाची असेल, तर वरची माती खोलवर काढून बाहेर टाकणे आणि तेथे स्वच्छ मुरूम भरणे हे काम टाळू नये.

भिंत काय सांगते

घरच्या घरी करता येण्याजोग्या तीन गोष्टी सांगतो. त्यांना खर्च जवळजवळ नाही.

एक, भिंतीवर ओलीच्या वरच्या कडेने पेन्सिलीची बारीक रेघ ओढा आणि शेजारी तारीख लिहा. दर पंधरा दिवसांनी पाहा. ओल रेघेखाली उतरत असेल, तर भिंत वाळत आहे. रेघ ओलांडून वर जात असेल, तर पाण्याचा पुरवठा चालू आहे. खालून चढणारी ओल बहुधा तीन फुटांच्या आसपास थांबते. त्याहून पुष्कळ वर किंवा छताच्या कोपऱ्यात डाग असेल, तर वरच्या वाटेचा संशय घ्यावा.

दोन, फूटभर चौरस पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि दोन दिवस तसाच ठेवा. थेंब प्लास्टिकच्या खोलीकडील बाजूस जमले, तर दोष खोलीतील हवेचा आहे. भिंतीकडील बाजूस जमले, तर ओल भिंतीतूनच येत आहे. फरशीचीही हीच परीक्षा घेता येते.

तीन, मोठा पाऊस पडत असताना छत्री घेऊन खोलीला बाहेरून एक फेरी मारा. हे काम घरातील तरुणाने करावे; ज्येष्ठांनी निसरड्या परसात जाऊ नये. पाणी कोठे पडते, कोठे साचते आणि कोणत्या दिशेने वाहते, हे त्या दहा मिनिटांत जेवढे कळते, तेवढे उन्हात उभे राहून केलेल्या चर्चेत कळत नाही.

वयस्क शरीर आणि दमट हवा

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल आणि बुरशी या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. ओलसर वा बुरशी धरलेल्या घरात राहणाऱ्यांना श्वसनाच्या तक्रारी, श्वसनमार्गाचे संसर्ग आणि दम्याचा त्रास वाढण्याचा धोका अधिक असतो, असा तिचा निष्कर्ष आहे. ओल स्वतः फुप्फुसात जात नाही. ओलीवर वाढणारी बुरशी आपले सूक्ष्म बीजाणू हवेत सोडते. दमट गादी-उशीत डोळ्यांना न दिसणारे धूलिकीटक वाढतात. आणि श्वासाबरोबर हे सारे आत जाते.

ज्येष्ठांना त्याचा जाच अधिक होण्याची कारणे सरळ आहेत. वयाबरोबर खोकून कफ बाहेर टाकण्याची शक्ती कमी होते. अनेक आजींनी उमेदीची वर्षे चुलीच्या धुरात काढलेली असतात, अनेक आजोबांनी विडी ओढलेली असते. म्हणजे फुप्फुसे आधीच थकलेली असतात. शिवाय तरुण माणूस खोलीत सात-आठ तास असतो, तर अंथरुणाला खिळलेले ज्येष्ठ वीस-बावीस तास तीच हवा घेत असतात. मधुमेह असेल किंवा स्टेरॉइडची औषधे चालू असतील, तर प्रतिकारशक्ती कमी झालेली असते आणि बुरशीपासून अधिक जपावे लागते.

दुसरा प्रश्न गारठ्याचा. विदर्भातील नीचांकी तापमानाची नोंद हिवाळ्यात अनेकदा गोंदियाच्या नावावर होते, हे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा उष्णता लवकर गमावते, म्हणून ओलसर खोली अधिक थंड राहते. थंडीच्या काळात घरातील तापमान १८ अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सुचविते. वृद्धांना थंडीची जाणीवच उशिरा होते, म्हणून ‘मला थंडी वाजत नाही’ या त्यांच्या शब्दावर विसंबून राहू नये. हातपाय गार पडले आहेत का, ते स्पर्श करून पाहावे.

आणखी एक धोका आपल्या धानाच्या जिल्ह्यात विशेष आहे. परसातील खोली मोठी दिसली, की तिच्या एका कोपऱ्यात धानाची पोती येतात, माळ्यावर तणीस येते. दमटपणात पोती आणि तणीस बुरसतात. बुरसलेल्या गवताची वा धान्याची धूळ श्वासावाटे गेल्यास काही जणांच्या फुप्फुसांना सूज येते. काही तासांनी ताप, कोरडा खोकला आणि धाप लागते, आणि वारंवार असे घडल्यास फुप्फुसांची कायमची हानी होऊ शकते. ज्या खोलीत ज्येष्ठ झोपतात, तेथे धान्य आणि तणीस ठेवू नये, हा नियम घरातील सर्वांनी पाळावा.

औषधांचेही ध्यान ठेवा. दमट हवेत गोळ्या मऊ पडतात, कॅप्सूल चिकटतात. श्वासाच्या यंत्रातून घ्यावयाच्या भुकटीच्या कॅप्सूल तर ओलीला फारच नाजूक असतात; त्या घेण्याच्या क्षणीच पाकिटातून काढाव्यात. साखर तपासण्याच्या पट्ट्यांची डबी घट्ट बंद नसेल, तर आकडा चुकीचा येऊ शकतो. औषधांचा डबा ओल्या भिंतीतील कोनाड्यात ठेवण्याऐवजी आतल्या कोरड्या खोलीत ठेवावा.

एक सावधगिरी उलट बाजूची. भिंतीवर ओल आहे, म्हणून प्रत्येक खोकला ओलीचाच असे समजू नये. दोन आठवडे वा त्याहून अधिक काळ खोकला राहिला, तर क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी करून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रात ती विनामूल्य होते. बसल्या जागी धाप लागणे, ओठ निळसर दिसणे, एकाएकी भ्रमल्यासारखे बोलणे, छातीत दुखणे, यांपैकी काही आढळल्यास वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

काय करू नये

ओल दिसली की सर्वांत आधी सुचणारे उपाय पुष्कळदा त्रास वाढवितात. ओल्या भिंतीवर तैलरंग किंवा जलरोधक रंग दिला, तर आतील पाणी कोंडते आणि वाट काढीत आणखी वर चढते. दोन-तीन फूट उंचीच्या टाइल्स लावून डाग झाकला, तर तो वर्षभरात टाइल्सच्या वरच्या कडेला पुन्हा उगवतो. भिंतीपुढे प्लायवूड किंवा कपाट उभे केले, तर त्याच्या मागे बुरशीला निवांत जागा मिळते. पांढरा क्षार पाण्याने धुऊ नये. तो विरघळून परत विटांत जातो. कोरड्या ब्रशने झाडावा आणि भुकटी परसात न टाकता दूर नेऊन टाकावी.

सर्वांत महत्त्वाचे, खोली सुकविण्यासाठी वा ऊब मिळावी म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्यांची गोरसी ठेवू नये. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला काही कळण्यापूर्वीच तो प्राण घेतो.

या पंधरवड्यात करावयाचे

घर दुरुस्त होण्यास वेळ लागेल, पण काही गोष्टी आजच करता येतात. खाट भिंतीपासून किमान अर्धा फूट दूर ओढा आणि शक्य तर बाहेरच्या भिंतीऐवजी दाराच्या बाजूला ठेवा. गादी जमिनीवर अंथरू नका. ऊन पडेल त्या दिवशी गादी, उशी आणि पांघरूण बाहेर काढून दोन्ही बाजूंनी वाळवा. खिडक्यांना बारीक जाळी बसवा. डासांची भीती रास्त आहे, पण तिच्यासाठी हवा बंद करणे हा उपाय नव्हे. पावसाची उघडीप असेल तेव्हा दुपारी समोरासमोरच्या खिडक्या उघडून पंखा लावा. ओले कपडे खोलीत वाळत घालू नका. ओल्या भिंतीवरील वीजबटणे आणि प्लग जाणकार वायरमनकडून तपासून घ्या आणि तोपर्यंत ती वापरू नका.

काळी बुरशी थोड्या जागेत असेल, तर साबणाच्या पाण्याने पुसून जागा पूर्ण कोरडी करावी. हे काम करताना नाकातोंडावर मास्क, हातांत मोजे असावेत आणि ज्येष्ठ त्या वेळी दुसऱ्या खोलीत असावेत. ब्लीचिंगचे द्रावण आणि संडास साफ करण्याचे आम्ल एकत्र करू नये; त्यातून विषारी वायू निघतो. बुरशी भिंतभर पसरली असेल, किंवा ज्येष्ठांना दम्याचा वा फुप्फुसाचा जुना आजार असेल, तर पुसत बसण्यापेक्षा त्यांची खाट मुख्य घरात हलवावी. खोली सुकेपर्यंत ती रिकामी राहिली, तर त्यात कमीपणा नाही.

उन्हाळ्यापूर्वी करावयाचे

दुरुस्ती बाहेरून सुरू करावी. भिंतीला लागलेली माती आणि फुलांचा वाफा हटवून जोते मोकळे करावे. छपराला पन्हळ बसवून पाणी दूर सोडावे. खोलीभोवती दोन-अडीच फूट रुंदीची, बाहेर उतार असलेली फरसबंदी करावी. त्यानंतर ओलीच्या रेषेच्या वर फूट-दीड फुटापर्यंतचा आतील गिलावा खरवडून काढावा आणि विटा हिवाळा-उन्हाळाभर उघड्या ठेवाव्यात. क्षाराने भरलेला जुना गिलावा राहिला, तर नवा रंग टिकत नाही. डीपीसी मुळातच नसेल, तर जमिनीलगत भिंतीला ओळीने भोके पाडून त्यांत पाणी अडविणारे रसायन भरता येते. हे काम अनुभवी माणसाकडूनच करून घ्यावे. शेवटी चुन्याचा किंवा क्षार सहन करणारा गिलावा आणि त्यावर चुन्याची सफेदी द्यावी, म्हणजे उरलेली वाफ बाहेर पडू शकेल. आपल्या जुन्या घरांना दर दिवाळीला चुना लावीत, त्याचा हाही एक लाभ होता. ती घरे कोरडी ठणठणीत असत असे मात्र नाही. पण पुढे आलेले कवेलूंचे छप्पर, उंच ओटा आणि फटींतून खेळणारी हवा यांमुळे त्यांत शिरलेले पाणी बाहेरही पडत असे. आपण फटी बुजविल्या, तर पाणी आत येण्याची वाटही बुजविली पाहिजे.

आणि जे यंदा नवी खोली बांधणार आहेत, त्यांच्यासाठी एक गोष्ट. ज्येष्ठांना पायरी नको म्हणून आपण जोते बुटके ठेवतो. मोठेबाबांच्या खोलीचे मूळ दुखणे तेच होते. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार जोते सभोवतालच्या जमिनीपासून किमान ४५० मिलिमीटर, म्हणजे साधारण दीड फूट उंच असावे. ते तसेच ठेवावे आणि पायऱ्यांऐवजी उतार करावा. चालण्यास वा चाकाच्या खुर्चीस सुखावह उतार १ फूट चढण्यास १२ फूट लांबी, असा धरतात. म्हणजे दीड फुटाच्या जोत्याला १८ फूट. जागा अपुरी असेल, तर मध्ये सपाट टप्पा ठेवून वळण द्यावे, दोन्ही बाजूंना धरावयास दांडी लावावी आणि पृष्ठभाग खरखरीत ठेवावा. शक्य असल्यास खोलीचे काम दिवाळीनंतर सुरू करून तिला एक संपूर्ण उन्हाळा रिकामी, खिडक्या उघड्या ठेवून वाळू द्यावी. रंग आणि गृहप्रवेश थोडे थांबले, तर बिघडत नाही.

विचारावे आणि सांगावे

सांभाळ करणाऱ्या मुला-सुनांना, लेकी-जावयांना एक विनंती. ‘खोली आवडली का?’ असे विचारू नका. त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असेच येईल. ‘सकाळी पांघरूण दमट लागते का? वास येतो का? इथे झोपल्यावर खोकला वाढतो आणि गावाला गेल्यावर कमी होतो का?’ असे विचारा. स्वतः एक रात्र त्या खाटेवर झोपून पाहा. बांधकामावर खर्च झाला आहे, ही गोष्ट तक्रार ऐकण्याच्या आड येऊ देऊ नका.

आणि ज्येष्ठ वाचकहो, आपल्यालाही नम्रपणे सांगतो. आपण गप्प राहिलात तर मुलाचा मान राहतो असे आपणांस वाटते. प्रत्यक्षात त्याला वेळेवर दुरुस्ती करण्याची संधी मिळत नाही. ओल आहे, एवढे सांगणे म्हणजे नाव ठेवणे नव्हे.

त्या वर्षी दसऱ्याच्या आत मोठेबाबांची खाट जुन्या घराच्या ओसरीला लागून असलेल्या खोलीत आली. डॉक्टरांनी औषधे चालू ठेवली, थुंकीची तपासणीही करून घेतली. तीत काही आढळले नाही. खोकला पूर्ण गेला असे म्हणता येणार नाही, पण पहाटेची उबळ कमी झाली आणि ते पुन्हा तलावाच्या पाळीपर्यंत फेरी मारू लागले. परसातील भिंतीचा गिलावा उतरविला, वालाचा वेल मांडवावर हलविला, भोवती फरसबंदी झाली. पेन्सिलीच्या रेघा मात्र भावाने पुसू दिल्या नाहीत. पुढील दोन पावसाळे ओल पहिल्या रेघेपर्यंत पोहोचली नाही, तेव्हा त्याने वडिलांना विचारले, ‘‘आता जाता का परत?’’ मोठेबाबांनी या वेळी भिंतीला हात लावून पाहिला, उशी नाकाशी धरली आणि मगच होकार दिला.